‘आम्हांला बोलायचं आहे’ : फ्लामेंको, समाज आणि ऐकण्याची कला



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी प्रश्न विचारला होता. ‘स्पेनमधला फ्लामेंको नाच आपल्या कथकातून निघाला असं म्हणतात, ते खरं का?’ वेळ संपत आली होती, तेव्हा ‘पुढच्या वेळी बोलू’ असं म्हणून आम्ही सुटका करून घेतली. घरी गेल्यावर लक्षात आलं की प्रश्न एका ओळीचा असला तरी उत्तर मात्र अख्ख्या व्याख्यानाचं आहे. म्हणून आजचा विषय तोच घेऊ.

उत्तराचा सोपा भाग आधी उरकून टाकू. फ्लामेंको ज्या लोकांच्या हातून घडला त्यांत स्पेनमधल्या रोमा लोकांचा मोठा वाटा आहे. त्यांना तिथे हितानो म्हणतात. या लोकांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारताच्या वायव्य भागातून बाहेर पडले. हे आपण अभिमानापोटी म्हणत नाही, भाषेच्या पुराव्यावरून म्हणतो. योहान र्यूडिगर नावाच्या जर्मन विद्वानाने १७८२ साली रोमा भाषेचं भारतीय भाषांशी असलेलं नातं मांडलं. आपल्याला तर पुस्तकाचीही गरज पडू नये. माणसाला ते मानुश म्हणतात, पाण्याला पानी, नाकाला नाख, कानाला कान. दहा म्हणजे देश आणि वीस म्हणजे बिश. स्पेनमधल्या हितानोंच्या बोलीचं नाव आहे कालो, म्हणजे सरळ ‘काळा’.

पण कथकाचं काय? आज आपण ज्याला कथक म्हणतो त्याचं रूप या लोकांनी भारत सोडल्यानंतर कित्येक शतकांनी घडलं. तेव्हा कथक ही आई आणि फ्लामेंको ही मुलगी, असं म्हणायला इतिहासात आधार नाही. दोन्हींकडे पायांचं काम आहे, गिरक्या आहेत, लयीशी खेळ आहे. साम्य दिसतं आणि ते बघताना आनंदही होतो. पण साम्य दिसलं म्हणजे वंशावळ सिद्ध होत नाही. शिवाय फ्लामेंकोत एकट्या हितानोंचंच काही नाही. अंदालुसियातल्या गरीब शेतमजुरांची गाणी त्यात आहेत, तिथल्या अरबी राजवटीच्या काळातले सूर आहेत, कादिस बंदरातून आलेल्या क्यूबाच्या आणि आफ्रिकी लोकांच्या लयी आहेत. फ्लामेंकोच्या इतिहासातला पहिल्या फळीचा गायक सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती हा तर हितानोच नव्हता. त्याचे वडील इटालियन होते.

असो. ‘हे कुणाचं?’ या प्रश्नापेक्षा आम्हांला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. या कलेची गरज कुणाला पडली, आणि का पडली?

इथे थोडं तत्त्वज्ञान सांगतो, सवय आहे, सांभाळून घ्या. अॅरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाच्या पहिल्याच भागात एक भेद केलेला आहे. आवाज प्राण्यांनाही असतो, असं तो म्हणतो. दुखलं तर ते ओरडतात, सुख झालं तर तेही आवाजातून कळतं. पण वाणी फक्त माणसाला आहे. न्याय काय, अन्याय काय, हे वाणीने सांगता येतं आणि म्हणूनच माणूस नगरराज्यात राहू शकतो. आम्ही तीसेक वर्षं हा उतारा वर्गात शिकवला. एक अडचण मात्र फार उशिरा ध्यानात आली. हा आवाज आणि ही वाणी, हे ठरवायचं कुणी? एखादा माणूस अन्याय सांगतोय, पण समोरच्याने ठरवलं की हा नुसता ओरडतोय, तर मग काय करायचं? फ्लामेंकोचा इतिहास म्हणजे नेमका हाच झगडा आहे.

हितानो स्पेनमध्ये आले ते पंधराव्या शतकात. १४२५ सालचा आरागोनच्या राजाचा एक परवाना उपलब्ध आहे. ‘लहान इजिप्तच्या’ एका सरदाराला राज्यातून सुखरूप जाऊ द्यावं, असं त्यात म्हटलेलं आहे. म्हणजे सुरुवातीला पाहुणचार झाला. पण १४९९ साली राजा फेर्नांदो आणि राणी इसाबेल यांनी हुकूम काढला. साठ दिवसांत कुणा धन्याची चाकरी किंवा ठरलेला धंदा धरा, नाही तर देश सोडा. हुकूम मोडणाऱ्याला पहिल्या वेळी शंभर फटके आणि हद्दपारी, दुसऱ्या वेळी कान कापायचे. १६३३ साली चौथ्या फेलिपेने त्यांचा वेष, त्यांची बोली आणि त्यांचं नावसुद्धा वापरायला बंदी केली. कुठल्याही नाचात हितानोंचं सोंग आणायचं नाही, असंही त्याच हुकमात घातलं. आपल्याकडच्या कायद्यांत एखाद्या जमातीवर नजर ठेवायची कलमं होती, हे आपल्याला माहीत आहे. १८७१ सालचा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. पण नाचातलं सोंगसुद्धा राजाला खुपावं, यावरून त्या नाचाची ताकद केवढी असेल याचा अंदाज करा.

मग आला १७४९ चा जुलै. सहाव्या फेर्नांदोच्या कारकिर्दीत एन्सेनादाच्या मार्किसने गुप्तपणे आखलेली मोहीम ३० जुलैला सुरू झाली आणि देशभर हितानोंची धरपकड झाली. सुमारे नऊ हजार माणसं पकडली गेली. पुरुषांना आणि थोराड मुलांना जहाजबांधणीच्या गोद्यांत सक्तमजुरीला पाठवलं, बायका आणि लहान मुलांना वेगळ्या कोठारांत कोंडलं. नवरा-बायको वेगळे ठेवायचे, म्हणजे वंश पुढे वाढणार नाही, हा त्यामागचा हिशेब होता. शेवटचे कैदी सुटले ते १७६५ मध्ये, सोळा वर्षांनी.

आता फ्लामेंकोच्या सगळ्यांत जुन्या गाण्यांकडे या पार्श्वभूमीवर बघा. तोना हा प्रकार गितारीशिवाय गातात. मार्तिनेते हे लोहारांच्या भट्टीशी जोडलेलं गाणं, हातोडा ऐरणीवर पडावा तशी त्याची लय. कार्सेलेरा म्हणजे तुरुंगातलं गाणं. आणि या गाण्यांत आधी शब्द येतच नाहीत. आधी येतो लांबलेला ‘आय’. आपल्याकडे ‘आई गं’ म्हणतात ना, तसा. या विव्हळण्याला फ्लामेंकोत ‘केखिओ’ असं नाव आहे. अॅरिस्टॉटल हा आवाज ऐकून काय म्हणाला असता? दुःखाचा आवाज म्हणाला असता. पण थोडं थांबा, कारण त्या ‘आय’नंतर शब्द येतात, त्या शब्दांना लय येते आणि लयीला उत्तर द्यायला नाचणारी उठते.

नाच कसा घडतो ते जरा सावकाश पाहू. फ्लामेंकोची तीन अंगं सांगतात: कान्ते म्हणजे गाणं, तोके म्हणजे गितार आणि बायले म्हणजे नाच. चौथं अंग टाळ्यांचं, त्याला पाल्मास म्हणतात. या सगळ्यांना बांधून ठेवणारा जो ताल, तो कोम्पास. सोलेआ किंवा बुलेरिया घेतलीत तर आवर्तन बारा मात्रांचं असतं. आपला एकतालही बाराच मात्रांचा. पण त्यांचे आघात वेगळ्या जागी पडतात: तीन, सहा, आठ, दहा आणि बारा. म्हणजे आधी तीन-तीनची चाल आणि मग दोन-दोनची. सोलेआत वाक्य मिटतं ते दहाव्या मात्रेवर. घरी मांडीवर हात मारून करून पाहा. पहिल्यांदा घोटाळा होतो, मग मात्र सुटता सुटत नाही.

नाचणाऱ्याच्या बुटांना टाचेखाली आणि चवड्याखाली खिळे ठोकलेले असतात. बघणाऱ्याला वाटतं, हा नाच म्हणजे पाय आपटणं. पण खरी गोष्ट पुढे आहे. नाचणारी आधी पावलांचा एक तुकडा वाजवते, त्याला ‘यामादा’ म्हणजे हाक म्हणतात. ती गायकाला दिलेली हाक असते. मग गायक ओळ घेतो. त्या वेळी नाचणारी पायांचा गदारोळ करत नाही. अंग सावकाश हलवते, हात वळवते, एखादीच टाच टेकवते, कारण तेव्हा शब्द चाललेले असतात. ओळ संपली की ती उत्तर देते. मधे ‘एस्कोबिया’ नावाचा भाग येतो, तो निव्वळ पायांचा असतो. पण त्याची जागा ठरलेली आहे. गायकाच्या ओळीवर पाय वाजवत सुटणारा नाचणारा जाणकारांना आवडत नाही. आणि भोवती बसलेले लोक गप्प राहत नाहीत. ‘ओले’ म्हणतात, नाव घेऊन प्रोत्साहन देतात, टाळीने ताल धरतात. या सगळ्याला ‘खालेओ’ म्हणतात. आपल्या मैफलीतल्या ‘वाहवा’ची आठवण व्हावी असं ते असतं.

म्हणजे काय झालं बघा. एकाने व्यथा सांगितली, दुसरीने ती ऐकली, ऐकल्याचं शरीराने दाखवलं आणि बाकीच्यांनी साक्ष दिली. आमच्या मते फ्लामेंको नाचाचा गाभा इथे आहे. तो नाच जितका व्यक्त होण्याचा आहे, तितकाच ऐकण्याचा आहे. अंगणात, भट्टीपाशी, लग्नघरात जमलेल्या लोकांनी एक लहानसं नगर तयार केलं होतं. बाहेरचं नगर ज्याला नुसता आवाज म्हणत होतं, तो आवाज या नगरात वाणी ठरत होता.

एकोणिसाव्या शतकात ही कला अंगणातून बाहेर पडली. सेव्हिल, कादिस, हेरेस या शहरांत काफे कान्तान्ते निघाले, म्हणजे गाण्या-नाचाचे उपाहारगृहवजा मंच. सिल्वेरिओने १८८१ मध्ये सेव्हिलमध्ये स्वतःचा असा काफे काढला. त्याच वर्षी आंतोनिओ माचादो इ आल्वारेस, म्हणजे ‘देमोफिलो’ या टोपणनावाने लिहिणारे अभ्यासक, यांनी फ्लामेंको गाण्यांचा संग्रह छापला. कलेला पोट भरण्याची वाट मिळाली, नाचाला मंच मिळाला, तंत्र वाढलं. पण समोर बसलेला माणूस आता पैसे देऊन बसला होता. त्याच्यावर ऐकण्याचं बंधन नव्हतं. तो नुसतं बघू शकत होता.

यावर १९२२ साली एक उपाय करून पाहिला गेला. संगीतकार मानुएल दे फाया आणि चोवीस वर्षांचा कवी फेदेरिको गार्सिया लोर्का यांनी मित्रांना घेऊन ग्रानादाच्या आलाम्ब्रा किल्ल्यात १३ आणि १४ जूनला गाण्याची स्पर्धा भरवली. अट अशी की एकवीस वर्षांवरच्या व्यावसायिक गायकांना प्रवेश नाही. कला बाजारात बाटली, ती सामान्य माणसाकडून परत मिळवायची, हा हेतू. बक्षिसं मिळाली ती ‘तेनासास’ नावाच्या म्हाताऱ्या गायकाला आणि मानोलो काराकोल या लहान मुलाला. हेतू उदात्त होता, यात शंका नाही. पण जे कलावंत त्या कलेवर घर चालवत होते त्यांनाच दाराबाहेर ठेवलं गेलं. समाजाची कला वाचवायची आणि समाजालाच विचारायचं नाही, ही चूक चांगल्या माणसांच्या हातून होते, आणि म्हणून ती जास्त सांभाळायला हवी.

पुढे फ्रँकोच्या हुकूमशाहीत फ्लामेंको हा स्पेनचा जाहिरातफलक झाला. ठिपक्यांचा झगा, पंखा, केसात फूल. ताब्लाओ नावाचे मंच पर्यटकांसाठी निघाले, माद्रिदचा कोराल दे ला मोरेरिया १९५६ चा. तिथे थोर कलावंतही नाचले, सगळंच खोटं होतं असं म्हणू नये. पण एक उदाहरण सांगतो. कार्मेन आमाया ही विसाव्या शतकातली बहुधा सर्वांत प्रसिद्ध फ्लामेंको नर्तकी. पुरुषांसारखी तुमान घालून तिने पायांचं काम केलं आणि बायकांच्या नाचाची व्याख्या बदलली. अमेरिका जिंकून आली. तिचा जन्म बार्सिलोनाच्या सोमोर्रोस्त्रो या समुद्रकाठच्या झोपडपट्टीतला. १९५९ मध्ये त्याच भागात तिच्या नावाचं कारंजं उभारलं. पण ती झोपडपट्टी मात्र १९६६ पर्यंत तशीच होती. टाळ्या मिळणं वेगळं आणि ऐकलं जाणं वेगळं.

आता आजच्या विषयाच्या मध्यावर येऊ. साल १९७६, महिना फेब्रुवारी. फ्रँको जाऊन तीन महिने झालेले. ग्रानादात एका नाट्यनृत्याचा पहिला प्रयोग झाला. नाव होतं ‘कामेलामोस नाकेरार’. कालो बोलीतले शब्द. कामेलार म्हणजे हवं असणं. आपल्या ‘कामना’ शब्दातला ‘काम’ तोच बरं का. नाकेरार म्हणजे बोलणं. ‘आम्हांला बोलायचं आहे’ एवढाच त्याचा अर्थ. संहिता होसे एरेदिया माया यांची. ते हितानो कवी, ग्रानादा विद्यापीठात शिकवणारे, स्पेनमधले पहिले हितानो प्राध्यापक म्हणून ओळखले गेलेले. नाच मारिओ माया यांचा. ते ग्रानादाच्या साक्रोमोन्ते टेकडीवरच्या गुहांच्या वस्तीत वाढले, लहानपणी तिथेच पर्यटकांसमोर नाचले.

या प्रयोगात काय होतं? हितानोंविरुद्धचे जुने राजहुकूम मंचावरून वाचून दाखवले जायचे. तेच फटक्यांचे, कान कापण्याचे, बोली बंद करण्याचे. आणि प्रत्येक हुकमाला उत्तर यायचं गाण्यातून आणि नाचातून. कायद्याची वाणी आणि माणसाचा ‘आय’ समोरासमोर उभे राहिले. प्रेक्षकाला निवड करावीच लागत होती: यातली खरी वाणी कुठली? दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या उताऱ्याला इतकं नेमकं उत्तर आम्हांला कुठल्या तत्त्वज्ञाच्या ग्रंथात मिळालं नव्हतं.

आणि हे नुसतं इतिहासाचं उकरणं नव्हतं. १९४३ च्या सिव्हिल गार्डच्या, म्हणजे तिथल्या ग्रामीण पोलिसांच्या नियमावलीत, हितानोंवर बारीक नजर ठेवा, त्यांची कागदपत्रं तपासा, पोटापाण्याचं काय करतात ते शोधा, अशी कलमं होती आणि ती १९७६ मध्ये लागू होती. जून १९७८ मध्ये हुआन दे दिओस रामिरेस एरेदिया हे स्पेनच्या संसदेतले पहिले हितानो सदस्य या कलमांविरुद्ध बोलले आणि त्याच वर्षी ती कलमं गेली. नाचामुळे कायदा बदलला असं आम्ही म्हणणार नाही, तसं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण मंचावर ‘आम्हांला बोलायचं आहे’ म्हणणं आणि दोन वर्षांनी संसदेत बोलणं, ही एकाच रस्त्यावरची दोन पावलं आहेत.

हल्ली ‘समाजापर्यंत कला पोचवणं’ असा शब्दप्रयोग सगळीकडे ऐकू येतो. फ्लामेंकोच्या बाबतीतही असे उपक्रम पुष्कळ आहेत. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या आल्बुकर्की शहरात एव्हा एन्सिनियास यांनी १९८२ मध्ये राष्ट्रीय फ्लामेंको संस्था सुरू केली. तिथल्या विद्यापीठात फ्लामेंकोत पदवी घेता येते. न्यू यॉर्कमध्ये कार्लोता सान्ताना यांची मंडळी १९८३ पासून कार्यक्रम करते आणि शाळांमध्ये मुलांना शिकवते. १६ नोव्हेंबर २०१० ला युनेस्कोने फ्लामेंकोला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. २०२३ मध्ये अंदालुसियाने फ्लामेंकोसाठी खास कायदा केला. हे सगळं चांगलंच आहे.

पण आम्हांला जास्त बोलकी वाटतात ती सेव्हिलमधली दोन उदाहरणं. त्रियाना हा नदीपलीकडचा जुना भाग, फ्लामेंकोच्या जन्मस्थानांपैकी एक. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली हितानो कुटुंबं उठवली गेली आणि त्यांतली बरीच शहराच्या दक्षिण टोकाला पोलिगोनो सूर या भागात जाऊन राहिली. तिथल्या एका वसाहतीचं नावच ‘तीन हजार घरं’ असं आहे. नाव पडलं ते घरांच्या आकड्यावरून. माणसांची आठवण नावातसुद्धा नाही. आज सेव्हिलमध्ये हा भाग बदनाम आहे, वर्तमानपत्रांत त्याचं नाव येतं ते गुन्ह्यांच्या बातम्यांत. आणि याच वसाहतीत एमिलिओ ‘काराकाफे’ हा गितारवादक वस्तीतल्या मुलांना गाणं, वादन, नाच शिकवतो. त्या कामावर ‘आलाला’ नावाचा माहितीपट आहे. कालो बोलीत आलाला म्हणजे आनंद. इथे शिकवणारा बाहेरून आलेला नाही. मुलांना जे दिलं जातंय ते त्यांच्याच आज्या-पणज्यांचं आहे. वस्तीला कला ‘पोचवली’ असं कसं म्हणणार? कला होतीच तिथे. काढून घेतलं होतं ते अंगण.

दुसरं उदाहरण ‘फ्लो सेईस पोर ओचो’ या गटाचं. २००८ च्या आर्थिक संकटाच्या काळात हे लोक सेव्हिलमधल्या बँकांत अचानक शिरायचे आणि रांगेत उभ्या असलेल्या लोकांसमोर नाचायला, गायला लागायचे. विषय कर्जाचे, घरं जप्त होण्याचे, बँकांना दिलेल्या मदतीचे. २०१४ च्या जूनमध्ये तर अंदालुसियाच्या विधानसभेत प्रेक्षकांच्या सज्जातून एकेक जण उठून गायला लागला. सुरक्षारक्षकांनी त्यांना बाहेर काढलं. म्हणजे झगडा तोच राहिला. सभागृहाच्या नियमांनुसार तो गोंगाट होता. गाणाऱ्यांच्या दृष्टीने ते भाषण होतं.

आता शेवट करताना एक कबुली देतो. नोकरीत असताना महाविद्यालयाच्या सेवा-उपक्रमातून आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका वस्तीवर कार्यक्रम केला होता. सतरंज्या, ध्वनिक्षेपक, शास्त्रीय नृत्याची ओळख, वर आमचं प्रास्ताविक. मुलं बिचारी रांगेत बसली, सांगितलं तेव्हा टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या गल्लीत कुणाकडे तरी लग्न होतं, हलगी वाजत होती. आम्ही एका विद्यार्थ्याला पाठवून ती अर्धा तास बंद करायला लावली. नंतर अहवाल लिहिला. त्यात ‘लाभार्थींची संख्या’ असा रकाना होता, तो आम्ही भरला. ‘आपण काय ऐकलं?’ असा रकानाच त्या कागदावर नव्हता, आणि तो नाही हेही त्या वेळी आम्हांला जाणवलं नाही. १९२२ च्या फाया-लोर्कांची चूक मघाशी आम्ही तावातावाने सांगितली ना? त्यांनी निदान गाणाऱ्यांना बोलावलं होतं. आम्ही वाजणारी हलगी थांबवली.

फ्लामेंकोतली नाचणारी आधी हाक देते. मग पाय थांबवून समोरच्याचे शब्द येऊ देते. उत्तर त्यानंतर. कलेने समाजाकडे जायचं तर याच क्रमाने जावं, असं आम्हांला आता वाटतं. ज्या श्रोत्यांनी कथकाचा प्रश्न विचारला होता त्यांचे आभार मानतो. ‘ही कला आपली आहे का?’ असं त्यांना जाणून घ्यायचं होतं. आपली नाही, असंच उत्तर द्यावं लागतं. पण आपल्या गल्लीतली जी हलगी आपली आहे, ती आपण किती ऐकली, हा प्रश्न मात्र त्यांच्या प्रश्नाने आमच्यापुढे आणून ठेवला.

इथे थांबतो. प्रश्नांसाठी आज वेळ राखून ठेवला आहे.